पंपाच्या डिझेल टाकीचं लीक टेस्टिंग करून घेतलं, त्याचा अनुभव

आमचा पेट्रोल पंप शिवडीला, खाडीच्या अंगाला, सगळी भरावाची जमीन, चार फूट खणलं की पाणी. जूनपासून डिझेलच्या २०,००० लिटरच्या टाकीत पाणी दिसायला लागलं, सकाळी पाणी लागलं की लाल होणारी पेस्ट लावून डिप रॉड (टाकीतली लेव्हल मोजायची काठी) सोडला की खालचा भाग लालभडक. सेल बंद ठेवायची वेळ आली.

आधी एक स्वस्तातला बोलावला (नाव घेत नाही). दुपारी माहुलवरून टँकर रिकामा झाला आणि हा त्याच रात्री यंत्र लावून बसला, सकाळी म्हणे लेव्हल उतरली, १५ लिटर गेले, टाकी फुटलीय, नवीन बसवा! शेठचा चेहरा बघवत नव्हता. अरे पण उन्हातून आलेलं डिझेल जमिनीखाली थंड होणारच ना, २०,००० लिटर एक डिग्री उतरलं तरी साधारण १६ लिटरने आकसतं, एवढं तरी धरायचं.

मग ही दुसरी पार्टी. फोनवरच सांगितलं की आदल्या दिवशीपासून लोड (डिझेलचा टँकर) घेऊ नका, आणि भरती किती वाजता ते विचारलं. मला हसू आलं, पण मुद्दा बरोबर होता, बाहेर पाण्याची पातळी टाकीच्या वर असेल तर भोकातून डिझेल बाहेर न जाता पाणीच आत दाबलं जातं आणि लेव्हल बघून काहीच कळत नाही. आले मात्र दीड तास उशिरा, तेही न कळवता, रात्री पोरांना बसवून ठेवायचं म्हणजे चहावडापावचा खर्च आमच्याच बोडक्यावर.

काम मात्र एकदम नीट. सगळी तोंडं बंद करून टाकीत हलकं व्हॅक्यूम केलं, भोकातून ओढली जाणारी हवा ऐकू यावी म्हणून आत माइक सोडला, तळाला पाण्याचा सेन्सर, कारण पाणी झिरपताना आवाज येईलच असं नाही. मला हेडफोन दिला. डिझेलच्या खालून बुडबुड्यांचा आवाज नाही, पण वरून बारीक सूंऽऽ येत होतं, कुकरची शिटी व्हायच्या आधी येतं ना तसं. मॅनहोलच्या झाकणाचं गॅस्केट! उधाणाला चेंबर (झाकणाभोवतीचा खड्डा) भरायचा आणि तिथून पाणी आत. टाकी ठणठणीत. आमचे डिप घेणारे काका पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "साहेब, पाणी वरून येतंय," आणि आम्ही त्यांनाच गप्प करत होतो.

गॅस्केट बदललं, चेंबरला आतून वॉटरप्रूफिंग केलं. बिल पहिल्याच्या दुप्पट झालं, रिपोर्ट इंग्रजीत आणि भलताच जाड, पण टेम्परेचरचे आकडे तासातासाचे दिलेत. पाचपैकी चार, एक स्टार उशिराचा कापला.

परवा पौर्णिमेचं उधाण होतं. सकाळी काकांनी रॉड वर काढला, पेस्ट होती तशीच, मग तो रॉड मुद्दाम माझ्या नाकासमोर धरला आणि काही न बोलता पुसून ठेवला.