जुना मॉड्युलर सिंथेसायझर घेताना: मोग, एआरपी, रोलँड आणि बुकला, दुरुस्तीच्या बाजूने

जुना मॉड्युलर, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलने जोडून वाजवायचा सिंथेसायझर, घ्यायचा म्हटलं की चर्चा आवाजावर सुरू होते आणि आवाजावरच संपते. माझ्या मते आवाजाचा प्रश्न नंतरचा. चाळीस-पन्नास वर्षं वापरलेलं यंत्र घरी आलं की आधी हातात स्क्रूड्रायव्हर येतो. उघडल्यावर आतला भाग दिसतो का, ओळखू येतो का आणि बदलता येतो का, यावर ते यंत्र वाजतं राहणार की पडून राहणार हे ठरतं. म्हणून चार कंपन्यांच्या यंत्रांची ही तुलना त्याच बाजूने.

मोगची ९०० मालिका

१९६० च्या दशकातली ही रचना बरीचशी सुट्या ट्रान्झिस्टरांवर उभी आहे. आत जागा भरपूर, त्यामुळे मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप वापरता येत असेल तर सिग्नल कुठे तुटतो हे टप्प्याटप्प्याने शोधता येतं. ९०४ए फिल्टर (आवाजातले काही स्वरांश गाळणारं मॉड्यूल) म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जोड्यांची शिडी. त्यातला एक गेला तर हाताला लागेल तो ट्रान्झिस्टर लावून भागत नाही, मोजून जुळवलेली जोडी लागते.

घेण्याआधी ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर निर्माण करणारी मॉड्यूल, कोणते आहेत ते विचारा. ९०१ असतील तर खोलीचं तापमान बदललं की सूर सरकतो. हा बिघाड नव्हे, मूळ रचनेची मर्यादा आहे. कितीही दुरुस्ती केली तरी ती पूर्ण जात नाही. नंतरचे ९२१ बरेच स्थिर आहेत. सुरात वाजवायचं असेल तर मी ९२१ शिवाय पुढे जाणार नाही.

आणखी दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. मूळ पॉवर सप्लाय +१२ आणि −६ व्होल्टचा आहे, म्हणजे आजची ±१२ किंवा ±१५ व्होल्टवर चालणारी मॉड्यूल त्यावर थेट जोडता येत नाहीत. ट्रिगरही, म्हणजे सूर सुरू करणारा इशारा, वेगळा: तो व्होल्टेज देऊन नव्हे, ग्राउंडला जोडून चालतो. बाहेरचा सिक्वेन्सर (सुरांचा क्रम आपोआप वाजवणारं यंत्र) लावायचा तर मध्ये रूपांतर करणारं सर्किट लागतं.

एआरपी २६००

१९७१ साली आलेलं हे यंत्र खरं तर अर्ध-मॉड्युलर. केबल न लावताही वाजतं, कारण आतली जोडणी जॅकच्या स्विचमधून गेलेली असते. दुरुस्तीच्या दृष्टीने हीच त्याची नाजूक जागा. जॅकचा आतला संपर्क गंजला की केबल नसतानाही आवाज गायब होतो आणि लोक ऑसिलेटर मेला असं धरून चालतात. आधी त्या जॅकमध्ये प्लग चार-सहा वेळा आतबाहेर करा, मग संपर्क साफ करायचं द्रव वापरा. पुष्कळदा बिघाड तिथेच संपतो. स्लायडरांचंही तसंच: धूळ आणि वाळलेलं ग्रीस काढलं की खरखर थांबते. मात्र कुठलंही तेलकट फवारणीचं द्रव मारू नका. प्लास्टिक आणि कार्बनचा थर दोन्ही बिघडू शकतात.

खरी अडचण वेगळीच. एआरपीने ऑसिलेटर, फिल्टर वगैरेंची सर्किटं काळ्या रेझिनच्या ठोकळ्यांत ओतून बंद केली. आतला एक साधा भाग गेला तरी रेझिन फोडल्याशिवाय हात पोचत नाही, आणि फोडताना शेजारचे भाग तुटतात. सुदैवाने त्याच पिनांवर बसणारे, रेझिन नसलेले ठोकळे आज छोटे उत्पादक बनवतात. पण ते लावले की यंत्राचा मूळपणा थोडा कमी होतो, आणि हे तुम्हाला चालेल का ते आत्ताच ठरवा. फिल्टर ४०१२ आहे की ४०७२ हेही पाहा. ४०१२ ची शिडी मोगच्या वळणाची. ४०७२ मध्ये रचनेतल्या चुकीमुळे फिल्टर साधारण १२ किलोहर्ट्झच्या वर उघडतच नाही.

रोलँड सिस्टिम १००एम

हिच्याबद्दल लिहायला कमी आहे, आणि तेच तिचं कौतुक. १९७० च्या दशकाच्या अखेरची रचना, ±१५ व्होल्टचा सप्लाय, सूर ठरवायला सप्तकाला एक व्होल्ट, ३.५ मिमी जॅक. मॉड्यूल स्क्रू काढून बाहेर घेता येतं, सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, नव्या यंत्रांशी सहज जुळतं. जॅक आणि स्लायडरांच्या पायांशी सोल्डर तडकलेला असतो, तो भिंग लावून तपासा. स्वतः दुरुस्ती शिकायची असेल तर माझं मत निःसंकोच हिच्या बाजूने.

बुकला

बुकलाबद्दल मला मनापासून ओढ आहे, तरीही पहिलं यंत्र म्हणून तो घ्या असं मी सांगणार नाही. कंट्रोलसाठी बनाना जॅक, ध्वनीसाठी नेहमीच्या ३.५ मिमी प्लगशी नीट न जुळणारे टिनी-जॅक्स, आणि २०० मालिकेत सप्तकाला १.२ व्होल्ट. म्हणजे बाकी कशाशीच थेट मेळ नाही. आवाज उघडणाऱ्या-मिटणाऱ्या २९२ गेट मॉड्यूलचा जीव व्हॅक्ट्रोलमध्ये आहे: एक दिवा आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक, एकाच डबीत बंद. व्हॅक्ट्रोल सावकाश विझतो म्हणूनच गेटचा खास आवाज घडतो. नवा व्हॅक्ट्रोल मीटरवर अगदी ठीक दिसेल आणि कानाला वेगळा लागेल, म्हणून तो ऐकूनच निवडावा लागतो. त्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो, टाकून देताना काळजी घ्या.

सफाईबद्दलही एक सांगतो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाचा बुकला १०० दुरुस्त करताना मॉड्यूलवरच्या जुन्या थराला तंत्रज्ञाचा हात लागला आणि त्याला एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाची बाधा झाली, अशी बातमी आली होती. अनोळखी थर हातमोजे घालूनच पुसा.

नवी आवृत्ती घेतली तर?

मोगने २०१५ मध्ये सिस्टिम ५५ पुन्हा बनवली, तीही मूळ पद्धतीने, हाताने सोल्डर करून. ती दुरुस्त करणं जुनीइतकंच सुलभ. कॉर्गने २०२० मध्ये २६०० परत आणला. तो भरवशाचा आहे, पण आत बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवलेले बारीक सरफेस-माउंट भाग आहेत, साध्या सोल्डरिंग आयर्नने काम होत नाही. वाजवायचंच असेल तर तो घ्या. उघडून शिकायचं असेल तर नको.

सगळे कपॅसिटर बदलावेत का?

विक्रेता 'सगळे बदलले' असं अभिमानाने सांगतो तेव्हा मी सावध होतो. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळतात, ते बदलायलाच हवेत. जुने टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊन सप्लाय खाली ओढतात, तेही बदललेले बरे. पण ऑसिलेटरमधले पॉलिस्टायरीन कपॅसिटर दशकानुदशकं टिकतात, आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने किंवा चुकीच्या द्रावणाने मात्र लगेच खराब होतात. ते विनाकारण काढले असतील तर ऑसिलेटरची सप्तकं पुन्हा जुळवली आहेत का ते विचारा. उत्तर गोलमाल असेल तर किंमत कमी करून मागा.

मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, बाजूचं काम ज्याला सवय आहे त्याच्याकडेच द्या. जॅक, स्लायडर, तडकलेला सोल्डर आणि ट्यूनिंग स्वतः शिका, नाहीतर दर थोड्या दिवसांनी यंत्र कुणाकडे तरी पाठवावं लागेल.

बघायला जाल तेव्हा यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. मग सप्लायचं व्होल्टेज मोजा, प्रत्येक ऑसिलेटर तीन-चार सप्तकांत ऐका, प्रत्येक जॅकमध्ये प्लग घालून हलवून पाहा. विक्रेत्याने मागचं पॅनेल उघडू दिलं नाही तर ते यंत्र घेऊ नका.