शिमग्याची होळी कोणी चालवायची, मानकऱ्यांनी की मंडळाच्या पोरांनी?

आमच्या कोकणात फाक पंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून होळ्या पेटायला लागतात आणि पौर्णिमेला होम, म्हणजे मोठी होळी लागते, तोवर हा वाद वाडीत एकदा तरी होतोच. मानकऱ्यांचं, म्हणजे ज्या घरांकडे पूर्वापार मान आहे त्यांचं बघाल तर कोणाला काही विचारावं लागत नाही, झाड कोणी तोडायचं, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या वाडीसाठी देवाकडे मागणं कोण घालणार सगळं पिढ्यानपिढ्या ठरलेलं, आणि म्हातारे काका "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतात आणि सगळी वाडी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणते ना, तेव्हा अंगावर काटा येतो, ते मंडळाच्या माईकवर नाही होत. पण मानाच्या घरातली माणसं मुंबईला, दार बंद, मग काय करायचं? आणि मानापानावरून भांडणं झाली की देवाची पालखी अडते, ते वेगळंच.

मंडळाची पोरं वर्गणी काढतात, व्हॉट्सॲपवर हिशोब टाकतात, पाण्याचे ड्रम भरून ठेवतात, विजेच्या तारांखाली होम रचू देत नाहीत. हे मला मनापासून आवडतं. फक्त तीच चार पोरं दरवर्षी राबतात आणि नोकरी लागली की गेली.

माझं मत विचाराल तर गाऱ्हाणं मानकऱ्यांचंच, बाकी सगळं पोरांकडे द्या, आणि पोरांना आत्तापासून काकांच्या शेजारी उभं करा.