दाढ काढली, आता ब्रिज की इम्प्लांट?
खालची दाढ काढली की जीभ दिवसभर त्या खड्ड्यात जाऊन येते. मग डॉक्टर दोन पर्याय पुढे ठेवतात.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या खांद्यावर तिसरा. दोन-तीन खेपांत काम उरकतं, हाडाला हात लागत नाही, खर्चही कमी. पण त्यासाठी शेजारचे धडधाकट दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात आणि गेलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, पुन्हा येत नाही. मला खटकतं ते इथेच. शिवाय खोट्या दाताखाली मेथीचा तंतू अडकला की फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून जात नाही, खालून सुईसारखा ओवावा लागतो.

इम्प्लांट शेजाऱ्यांना त्रास देत नाही. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, हाड त्याला घट्ट धरतं, मग वर कॅप. हाड टायटॅनियमला असं बिलगतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. माणसाच्या जबड्यात ते 1965 मध्ये आलं. चावण्याचा दाब हाडापर्यंत पोचतो, म्हणून ते कमी झिजतं. ब्रिजखालचं हळूहळू खचतं. स्क्रूला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजू शकते, तेव्हा ब्रश सुटत नाहीच.

अडचण वेळेची: हाड जुळायला साधारण 3 ते 6 महिने. साखर आटोक्यात नसेल, तंबाखू-सिगारेट सुटत नसेल, तर स्क्रू सैल पडण्याचा धोका वाढतो.

शेजारचे दात शाबूत असतील तर मी इम्प्लांटच घेईन. त्यांचं रूट कॅनल होऊन कॅप बसणारच असेल, तर ब्रिज.