रोजच्या रेखाटनासाठी काय निवडाल: पेन्सिल की पेन, वही की सुटे कागद, नक्कल की आपला हात?

रोज एक तरी चित्र काढायचं असं मनाशी ठरवलं की पहिल्या आठवड्यात हात अडतो तो चित्रापाशी नाही, निवडीपाशी. पेन्सिल घ्यावी की पेन? बांधीव वही की सुटे कागद? वेळ ठरवून बसावं की पान भरेपर्यंत? कुणाचं तरी पाहून काढावं की आपल्याला येतं तसं? गेल्या सहा वर्षांत यातलं जवळजवळ सगळं मी आलटूनपालटून केलंय. माझा कल आधीच सांगते: साधन असं निवडा की काढलेलं पुसून टाकायची सोय कमीत कमी असेल. स्वतःची शैली मान्य करायची तर आधी ती कागदावर शिल्लक राहायला हवी.

पेन्सिल की पेन

पेन्सिल चुका पोटात घालते. शिवाय एकाच टोकातून फिकट धुक्यासारखी छटाही निघते आणि गडद काळोखही, ते फक्त हाताच्या दाबावर. आपण ज्याला शिसं म्हणतो ते खरं तर ग्रॅफाइट आणि मातीचं भाजलेलं मिश्रण. माती जास्त असेल तर टोक कडक आणि रेघ फिकट, ग्रॅफाइट जास्त असेल तर टोक मऊ आणि रेघ काळी. या रीतीचं पेटंट फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये घेतलं. रोजच्या कामाला मध्यम एचबी आणि मऊ ४बी एवढ्या दोन पेन्सिली भरपूर होतात; बीचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी. ६बीच्या पुढे गेलात तर बंद वहीत समोरासमोरची पानं एकमेकांना घासून दोन्ही राखाडी होतात, हे ध्यानात ठेवा.

तरीही सवय लावायच्या काळात मी पेन्सिलीच्या बाजूने नाही. कारण खोडरबर.

एका संध्याकाळी मी माझाच डावा हात पेन्सिलीने काढत बसले होते. अंगठा जमेना. चार वेळा खोडला. चौथ्या वेळी कागदाचे तंतू उठले आणि त्यावर शिसं धरेनासं झालं. अर्ध्या तासाने पानावर चार बोटं होती आणि अंगठ्याच्या जागी एक मळकट डाग. दुसऱ्या दिवशी तोच हात, तीच बैठक, पण हातात पेन. अंगठा पुन्हा चुकला. पहिली रेघ फार आत पडली. पुसता येत नव्हतं, म्हणून तिच्या बाहेरून दुसरी काढली. दोन्ही रेघा राहिल्या. पान जरा लांब धरून पाहिलं, तर अंगठा नुकताच हलल्यासारखा वाटत होता. मोठमोठ्या चित्रकारांच्या कच्च्या रेखाटनांत अशा एकावर एक काढलेल्या रेघा सर्रास दिसतात. त्या मी पूर्वीही पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ त्या दिवशी कळला.

पेन तुम्हाला रेघ ओढण्याआधी पाहायला लावतं. शाई पडणार म्हटल्यावर डोळा वस्तूवर जरा जास्त थांबतो, आणि रेखाटनातलं निम्मं काम त्या थांबण्यातच होतं. पेनाच्या मर्यादाही आहेत. फाइनलायनरची, म्हणजे बारीक फेल्ट टोकाच्या पेनाची, रेघ दाबाने फारशी बदलत नाही, त्यामुळे सावली हवी तर रेघांची जाळी विणावी लागते आणि त्याला वेळ जातो. ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचं एकच टोक घ्या. संच घेतलात तर रोज पाच मिनिटं निवडण्यात जातील. शाई पिगमेंटची, म्हणजे वाळल्यावर पाण्याने न फुटणारी असेल तर पुढे त्यावर जलरंगाचा हात फिरवता येतो. साधं बॉलपेनही उत्तम. हलक्या दाबाने त्यातून जवळजवळ पेन्सिलीसारख्या छटा निघतात. फक्त बहुतेक बॉलपेनची शाई उजेडात फिकी पडते, म्हणून ते पान भिंतीवर लावू नका. फाउंटन पेन आवडत असेल तर त्यात चिनी शाई भरू नका, वाळली की शाईचा आतला मार्ग कायमचा बुजतो.

चेहऱ्याचं हुबेहूब साम्य किंवा प्रकाशछाया हेच तुमचं ध्येय असेल, तर मात्र पेन्सिलच घ्या आणि खोडरबर हाताशी ठेवू नका.

बांधीव वही की सुटे कागद

सुट्या कागदाने मन मोकळं राहतं. बिघडलं तर बिघडलं, दुसरा घ्यायचा. साधा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) छपाईचा कागद पेन्सिलीला आणि बॉलपेनला चालतो. फाइनलायनरने भरगच्च काम करणार असाल तर १२० ते १६० जीएसएम बरा. पाणी लावायचं तर २०० च्या वर जा, आणि मनसोक्त जलरंगाला ३०० लागतो.

पण सुट्या कागदांनी माझं एक मोठं नुकसान केलं. पहिल्या वर्षी मला न आवडलेली बहुतेक चित्रं मी फेकून दिली. आज त्या वर्षातली माझ्याकडे जेमतेम चाळीस पानं आहेत, आणि ती सगळी 'चांगली' म्हणून निवडलेली. त्या वेळचा माझा खरा हात त्यांत नाही. नंतरच्या वह्यांमध्ये मात्र तो दिसतो. डोळे नेहमी जरा मोठे, खुर्च्यांचे पाय नेहमी जरा बारीक, आणि लांब रेघ एका दमात न जाता तीन आखूड तुकड्यांत गेलेली. एका चित्रात हे लक्षात येत नाही. शंभर पानं उलटली की लपत नाही.

म्हणून वही. ती देखणी आणि महागडी नको. तिचं कोरं पहिलं पानच घाबरवतं. तशी वही भेट आलीच असेल तर मधल्याच एखाद्या पानावर सुरुवात करा. प्रत्येक पानावर तारीख घाला आणि एकही पान फाडू नका.

टॅबलेटबद्दल थोडक्यात: रंगांसाठी आणि प्रवासात सोयीचा आहे, पण त्यातलं मागे घ्यायचं बटण म्हणजे न झिजणारं खोडरबर. वापरणारच असाल तर एकच ब्रश घ्या आणि त्या बटणाला हात लावू नका.

वेळ बांधून की पान भरून

इथे मला फारसा संशय नाही: वेळ. रोज दहा मिनिटं. पान भरायचं ठरवलं की थकलेल्या दिवशी पान डोंगराएवढं वाटतं आणि त्या दिवशी वही उघडलीच जात नाही. ही दहा मिनिटं रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घ्या, म्हणजे दात घासून झाल्यावर किंवा दिवा मालवण्याआधी.

सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे ऐकू येतं, पण त्यावर विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे माग ठेवला होता. खाण्यापिण्याच्या किंवा व्यायामाच्या साध्याच सवयी होत्या. त्या अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. चित्र काढणं त्यात नव्हतं, पण मला त्यातली एक गोष्ट फार धीर देणारी वाटते: अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा सोमवार हुकला म्हणून मंगळवारी दोन चित्रं काढायची शिक्षा स्वतःला देऊ नका. मंगळवारचं एकच काढा.

महिनाभराची आव्हानंही असतात. जेक पार्कर यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं ऑक्टोबरमधलं शाईच्या चित्रांचं आव्हान त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. ३१ दिवस, ३१ चित्रं. सुरुवातीचा धक्का म्हणून छान, पण रोज दुसऱ्यांची पानं शेजारी दिसत राहतात आणि नजर आपल्या वहीवरून उडते. पहिल्या सहा महिन्यांत मी तरी कुणाला ते सुचवणार नाही.

नक्कल की आपला हात

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. नक्कल केली तर आपली शैली मरेल असं काहींना वाटतं. काहींना वाटतं, शैली मिळेपर्यंत नक्कलच करावी.

व्हॅन गॉगने १८८० मध्ये, २७ व्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा चार्ल्स बार्ग यांचे रेखाटन शिकवणारे छापील नमुने त्याने पुन्हा पुन्हा गिरवले. फ्रेंच चित्रकार मिले याची चित्रंही समोर ठेवून काढली. पुढे १८८९-९० मध्ये, सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना, तो पुन्हा मिलेकडे वळला आणि काळ्यापांढऱ्या छापांवरून त्याने वीसेक चित्रं रंगवली. रचना मिलेची, पण चित्र पाहताच ते व्हॅन गॉगचं आहे हे कळतं. नक्कल केल्याने हात पुसला जात नाही. फक्त नक्कल कशाची करायची हे पाहावं. दुसऱ्याने वजन कसं तोललं, खांदा मानेला कुठे जोडला, हे उचलावं. त्याचे डोळे काढायचे ठसे आणि रेघेचा झोक उचलू नये, त्यातून फक्त त्याच्यासारखं दिसणं येतं. माझं प्रमाण आठवड्याला एक दिवस नक्कल, सहा दिवस समोर दिसेल ते.

आणि 'माझी शैली आहे' म्हणून कच्चेपणा झाकायचा मोह? तो होतोच. मी एक साधी कसोटी लावते. एकच वस्तू, समजा कात्री, आधी तीस सेकंदांत काढायची आणि मग पंधरा मिनिटं घेऊन. घाईत चुकलेलं जे सावकाश काढताना सुधारतं, ते नीट न पाहिल्यामुळे चुकलेलं असतं. दोन्हीत तसंच राहतं आणि तरी वस्तू ओळखू येते, तो तुमचा हात. माझ्या तुटक रेघा दोन्ही कात्र्यांमध्ये होत्या. एका दमातली लांब, वळणदार रेघ यावी म्हणून मी दोन वर्षं धडपडले, त्या दिवशी ते सोडून दिलं. पण गोल भांड्याचं तोंड मला घाईत नेहमी तिरकं येतं आणि सावकाश काढलं की सरळ होतं, म्हणून तिथे शैलीचं कारण मी स्वतःला देत नाही.

सध्या माझ्याकडे ए५ आकाराची वही, ०.३ चं एक पेन आणि रात्रीची दहा मिनिटं एवढंच आहे. रविवारी पेन्सिल काढते, खोडरबराशिवाय, आणि एक पानभर भांड्यांची तोंडं गिरवते.