एक्स्ट्रूडर सात महिने वापरला: लिपोसोम झकास, सिरिंजनं मात्र जीव खाल्ला

परवा दुसरी सिरिंज पण गेली, म्हणून आज लिहायला बसलेय. हातानं चालवायचा मिनी एक्स्ट्रूडर, म्हणजे लिपोसोम (लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, सूक्ष्म पोकळ पिशव्या) बारीक भोकांतून ढकलून एका आकाराचे करायचं यंत्र; दोन्हीकडे एकेक मिलीची काचेची सिरिंज, मध्ये 100 नॅनोमीटर भोकांचा पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेन (गाळणीचा पडदा), तोच तो. मी बडोद्यात पीएचडी करते, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या अल्फा हिमोलायसिन या टॉक्सिनवर. त्याचे सात रेणू एकत्र येऊन लिपिडच्या पडद्यात भोक पाडतात. आम्ही लिपोसोममध्ये 70 मिलिमोलर कॅल्सीन (चमकणारा रंग) कोंडतो, एवढ्या दाटीत ते स्वतःच स्वतःची चमक दाबून टाकतं, टॉक्सिननं भोक पाडलं की बाहेर येऊन पातळ होतं आणि 515 नॅनोमीटरला उजळतं. शेवटी ट्रायटन (डिटर्जंट) घालून सगळे लिपोसोम फोडायचे, ते 100 टक्के धरायचं.

आता सिरिंज. तिसऱ्या महिन्यात बघितलं तर प्लंजरच्या टेफ्लॉन टोकामागे नारिंगी थेंब. कॅल्सीनच तो, एवढा गडद की लपतच नाही. 21 वेळा इकडून तिकडे ढकलायचं (विषम आकडा, म्हणजे शेवटी माल दुसऱ्या सिरिंजमध्ये येतो, न गाळलेला त्यात मिसळत नाही) आणि दर खेपेला थोडा थोडा मागे झिरपतोय. एक मिली घातलं, हातात आलं आठशे मायक्रोलिटर. लिपिड काय फुकट येतं का? डीलरला फोन केला तर "मॅडम, सिरिंज कंझ्युमेबलमध्ये येते, वॉरंटी नाही", बरं नुसता प्लंजर द्या म्हटलं तर तो सुटा मिळत नाही, आख्खी सिरिंज घ्या! कंटिन्जन्सीतले (किरकोळ खर्चाच्या अनुदानातले) साडेनऊ हजार गेले. ओ-रिंग मात्र मकरपुऱ्यात मापाची मिळाली, वीस रुपयांत, अजून टिकून आहे.

आणि एक कबूल करायचंय. पाचव्या महिन्यात टॉक्सिन न घातलेल्या कंट्रोलमध्येच लीकेज यायला लागलं, तेही मी एक्स्ट्रूडरच्याच माथी मारलं आणि डीलरला बरंच सुनावलं. मग शेजारच्या लॅबमधला दादा म्हणाला, ऑस्मोलॅलिटी (द्रावणात विरघळलेले कण किती, त्याचं माप) बघितलीस का? बघितली. कॅल्सीनच्या द्रावणात मी वर मीठ पण घातलं होतं, आतलं साडेचारशेच्या पुढे आणि बाहेरचा, म्हणजे मोकळं कॅल्सीन वेगळं करायच्या कॉलमचा बफर तीनशेच्या आसपास, लिपोसोम पाणी ओढून फुगणार आणि गळणारच. आतलं मीठ काढलं, दोन्ही बाजू जुळवल्या, कंट्रोलची रेघ सपाट झाली, त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये नाचायचीच बाकी होते. म्हणून ते बोलणं मागे घेते. सिरिंजचं नाही घेत.

मशीनचं म्हणाल तर सोनिकेटरकडे (ध्वनिलहरींनी लिपोसोम लहान करायचं यंत्र) परत जायची माझी तयारी नाही. प्रोबचे टायटॅनियमचे कण गाळा, आकार कधी काय येईल सांगता येत नाही, आणि आकार बदलला की लीकेजची तुलनाच करता येत नाही. इथे डीएलएसला (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजायची पद्धत) दर वेळी 120 नॅनोमीटरच्या आसपास एकच सरळ शिखर येतं. दादाचं काम स्ट्रेप्टोलायसिन ओ या दुसऱ्या टॉक्सिनवर, त्याची भोकं 25-30 नॅनोमीटरची, मोठा डेक्सट्रान (साखरेच्या साखळीचा रेणू) पण बाहेर येतो, माझं जेमतेम दीडचं, तरी दोघांचं याच एक्स्ट्रूडरवर भागतं. फक्त त्याच्या लिपिडमध्ये कोलेस्टेरॉल लागतंच.

सिरिंज का जाते तेही आता कळलंय. घाईत मी फ्रीज-थॉ (लिपिड गोठवून परत वितळवणं) दोनदाच करायचे, मग मोठे थर मेम्ब्रेनवर अडकतात, जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की प्लंजर किंचित तिरका होतो. आता पाचदा करते, मेम्ब्रेनला आधार देणारे सपोर्ट आधी बफरनं भिजवते, अंगठा सरळ रेषेत ठेवते. डीपीपीसी (एक लिपिड) असेल तर एक्स्ट्रूडरचा तापवायचा ब्लॉक 41 अंशाच्या वर नेल्याशिवाय हातच लावू नका, जेल झालेलं लिपिड ढकलताना मेम्ब्रेन फाटतो.

नवी सिरिंज काल आली. आधी नुसत्या बफरवर 21 वेळा ढकलून बघितली, मग कॅल्सीन भरलं. प्लंजरमागे अजून तरी नारिंगी काही दिसलेलं नाही. नवा एक्स्ट्रूडर घेणार असाल तर कोटेशनमध्येच दोन सिरिंज जास्तीच्या लिहून घ्या, नंतर डीलर ऐकत नाही.