टर्लिप्रेसिन की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन?

सिरोसिस (यकृत घट्ट, व्रणमय होण्याचा आजार) आणि जलोदर (पोटात पाणी साठणे) असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढू लागले आणि लघवीच्या गोळ्या थांबवून, अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन) शिरेतून देऊनही ते उतरले नाही, तर इतर कारणे तपासून हेपॅटोरिनल सिंड्रोमचे, म्हणजे यकृताच्या आजारामुळे मूत्रपिंड निकामी होऊ लागल्याचे, निदान केले जाते. अशा वेळी टर्लिप्रेसिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही दोन्ही औषधे सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सुधारतात. अल्ब्युमिन मात्र दोन्हींसोबत लागतेच.

टर्लिप्रेसिन हाताच्या शिरेतून, निवडक रुग्णांना साध्या वॉर्डातही देता येते, त्यामुळे जत-आटपाडीहून मिरजेला आणलेल्या रुग्णासाठी आयसीयूतील खाटेची वाट पाहावी लागत नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन स्वस्त आहे. परंतु त्यासाठी सहसा मानेतील मोठ्या शिरेत नळी आणि आयसीयूतील सततची देखरेख लागते, म्हणजे औषधात वाचलेले पैसे खाटेच्या भाड्यात जातात. (हा हिशेब नातेवाइकांना आधीच सांगितलेला बरा.)

तरीही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असेल किंवा ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली असेल, तर टर्लिप्रेसिन टाळावे. एरवी माझा कल त्याच्याकडेच आहे; फक्त प्रत्येक फेरीत लघवीच्या पिशवीइतकेच बारकाईने बोटांच्या टोकांकडे पाहावे, कारण ती निळसर पडू लागली की औषध थांबवावे लागते.