दंड भरून सुटायचं, की ६४-अ चा अर्ज करायचा?

घरातला मुलगा नशेच्या थोड्या मालासकट पकडला गेला की वकील साधारण दोन वाटा सांगतात. एक, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि घरी जा. दुसरी, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ खाली अर्ज करा, व्यसनावर उपचार घ्या आणि खटल्यातूनच मोकळीक मागा. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही दुसरी धरली. तरी पहिली वाट मी मोडीत काढणार नाही. काही घरांना तीच बरी पडेल.

जामीन, पंचनामा, ‘अल्प मात्रा’ हे शब्द एव्हाना तुमच्या कानावरून गेलेच असतील. मात्र आपली केस अल्प मात्रेत बसते ना, एवढं पंचनाम्यात डोळ्यांनी बघा. गांजा एक किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉईन म्हणजे आपलं गर्द ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम. आकडा याच्या वर असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, चांगला वकील गाठा.

दंडाच्या वाटेचं मोठं आकर्षण म्हणजे ती संपते. गांजा ओढताना सापडलेल्यांचं प्रकरण बहुधा असंच मिटतं. सेवनाच्या कलम २७ मध्ये गांजासारख्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, गर्द-कोकेनला वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्यांदाच सापडलेल्या पोराला न्यायाधीश सहसा तुरुंगात धाडत नाहीत, असं आमचे वकील म्हणाले. भाऊजींचा जीव तिथेच अडकला होता. “वीस हजार गेले तर गेले, पण चार लोकांत कळायच्या आत मिटवून टाक,” हे त्यांचं पालुपद. त्यात चूक काय? मुलीचं लग्न ठरत होतं.

पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या अर्जात ‘गुन्हा सिद्ध झाला आहे का’ हा रकाना आला की ती पुन्हा उभी राहते. शिवाय कलम ३१ आहे. आधी दोषी ठरलेला माणूस तशाच शिक्षेच्या गुन्ह्यात पुन्हा सापडला, तर कमाल शिक्षा दीडपट होते. हौसेखातर एकदा ओढलेला पोरगा पुन्हा सापडेलच असं नाही. रोज गर्द लागणारा मात्र सापडतोच. दंडाच्या पावतीने त्याची टर्की, म्हणजे माल न मिळाल्यावर होणारा त्रास, थांबत नाही.

मला मात्र यातल्या कशानेच ढकललं नाही. ढकललं ते कोर्टाबाहेरच्या बाकड्याने.

दंड भरून ‘एका दिवसात मोकळे’ हे गांजाच्या फुटकळ केसेसना ठीक आहे. गर्दची पुडी मुंबईत कालिन्याच्या किंवा तिकडे पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते, आणि तिथला अहवाल येईपर्यंत आमच्या केसमध्ये नुसत्या तारखा पडत राहिल्या. तारखेला आरोपी हजर पाहिजे. हजर म्हणजे कुठे? व्हरांड्यात, त्या बाकड्यावर. शेजारी कोण? त्याच कायद्याखालचे बाकीचे. ओढणारे आणि विकणारे मांडीला मांडी लावून. पुकारा होईस्तोवर दुपार होते आणि तोवर मोबाइल नंबर इकडून तिकडे जातात. पोलिसांनी एक विक्रेता उचलला म्हणून आमच्या भाच्याचा पुरवठा तुटला होता, तो त्या व्हरांड्यात नव्याने जुळत होता. कायद्याने ओढणाऱ्याला आणि विकणाऱ्याला वेगळी कलमं दिली आहेत, बाकडं एकच दिलंय. मी सोबत बसायचो, मधे बसायचो, पण माणूस लघवीला जातोच की. ताईला मी सांगितलं, काय वाटेल ते कर, पण पोराला इथून हलव.

६४-अ ने तेवढं नक्की साधलं. पोरगा केंद्रात दाखल, वकिलाकडून गैरहजेरीचा अर्ज, सोबत केंद्राचं पत्र. तारखा पडतच राहिल्या, पण व्हरांड्यात तो नव्हता. पहिले दिवस टर्कीचे, ते डॉक्टरांच्या नजरेखाली गेले. मग जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्दची तलफ शमवणाऱ्या औषधाची, गोळी सुरू झाली. ती बराच काळ चालते आणि नातेवाईक हमखास विचारतात, “म्हणजे एक नशा सोडून दुसरी का?” मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्या मामांनी तरी हे विचारू नये.

या वाटेचे काचही आहेत. मुलगा खरोखर व्यसनाधीन आहे, असं मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज स्वेच्छेचा लागतो, आईने रडून केलेला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मोकळीक काढून घेता येते. आणि घाई नको. हिंदी सिनेमातल्या एका नटाला २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात पकडलं, त्याला ६४-अ ची मोकळीक मिळाली २०१२ मध्ये. मधे कलम ३९ चाही पर्याय आहे, म्हणजे दोषी ठरवून शिक्षेऐवजी उपचाराला सोडणं. पण त्यात शिक्का बसतो तो बसतोच.

आमचं बाकडं पाहिल्यानंतर पोर्तुगालची पद्धत मला पटली. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवस पुरेल एवढा माल जवळ सापडणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. विकणाऱ्याला कोर्ट, ओढणाऱ्याला तीन जणांच्या समितीपुढे साध्या खोलीत बसवून विचारपूस. दोघांची गाठच पडत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण समिती ठेवली नाही. हातात शंभर डॉलरची पावती आणि एक फोन नंबर, फोन केलात तर दंड माफ. फोन फार थोड्यांनी केले. सप्टेंबर २०२४ पासून ताबा पुन्हा गुन्हा झाला. नुसता दंड, मग तो माफ होणारा का असेना, माणसाला उपचाराच्या दारापर्यंत नेत नाही, असं मी यातून घेतलं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

तेव्हा, पोरगा सहलीत मित्रांबरोबर एकदाच ओढताना सापडला असेल तर त्याला व्यसनी ठरवून ६४-अ च्या चौकटीत कोंबू नका. तिथे दंड भरायचा की केस लढवायची, हे वकिलाबरोबर ठरवा. रोज लागत असेल, तर मी तरी अर्जच करीन.

दाखल करण्याआधी एक काम मात्र चुकवू नका. कलमाला सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रच चालतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, पण हायवेलगतच्या बंगल्यात उघडलेली कैक केंद्रं फक्त पाटी लावून असतात. मान्यतेचा कागद दाखवा म्हणावं, आणि दाखवायला का-कू केली तर पैसे न भरता उठा. जवळचं केंद्र ठाऊक नसेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचारा. मान्यतेच्या कागदाच्या प्रती मात्र दोन घ्या, कोर्टाच्या फायलीतली एक गहाळ होते.